सगळे गोरे एकाच गावचे नसतात

आमच्या हॉस्टेलमध्ये ‘बाहेर जाणे’ या क्रियापदाला एकच अर्थ आहे. जर्मनीला जाणारीबद्दल ‘ती जर्मनीला चालली’ म्हणतात, सिंगापूरला जाणारीबद्दल ‘सिंगापूरला’. पण नुसतं ‘ती बाहेर चालली’ म्हटलं की पुढचं विचारायचं नसतं. बाहेर म्हणजे अमेरिका! थर्ड इयरच्या दिवाळीनंतर बी-विंगमधल्या कपाटांच्या दारांवर जीआरईच्या शब्दांच्या पिवळ्या चिठ्ठ्या दिसायला लागतात, आणि मेसमधलं वरण पातळ निघालं तरी कुणीतरी सुस्कारा टाकतं, ‘बाहेर असं नसतं गं.’

या ‘बाहेर’चा एक नकाशा आपल्या सगळ्यांच्या डोक्यात आहे. त्यात फॉरेन नावाचा एकच अवाढव्य देश असतो. तिथं सगळे गोरे राहतात, सगळे इंग्रजी बोलतात, सगळे रांगेत उभे राहतात आणि सगळ्यांना सगळं आपोआप कळतं. आपण तिथं गेलो की आपल्याला काही कळत नाही, कारण आपण आपण! मित्रमैत्रिणींनो, माझं म्हणणं एवढंच की असा देश अस्तित्वात नाही. आणि तो आहे असं धरून चालल्यामुळे जाणाऱ्यांचं नुकसान होतंच, पण इथं राहणाऱ्यांचं त्याहून जास्त होतं.

पुरावा म्हणून मी एक जर्मन मुलगी सादर करते.

माझी ताई दोन वर्षांपूर्वी एमएस करायला टेक्सासला गेली. डॅलसजवळचं एक शहर. फ्लॅटमध्ये तिघी जणी. ताई, हैदराबादची एक तेलुगू मुलगी आणि स्टुटगार्टजवळच्या गावातून आलेली मेकॅनिकलची एक जर्मन मुलगी. हिचं नाव मी इथं देत नाही, कारण तिला विचारलेलं नाही. आमच्या घरी तिला ‘जर्मन बाई’ म्हणतात. हे बारसं आईनं केलं.

पहिले तीन आठवडे ताई फोनवर ‘सगळं मस्त’ एवढंच म्हणायची. ज्याला सख्खी बहीण आहे त्याला ‘सगळं मस्त’चा अर्थ वेगळा सांगायला नको. पुढं केव्हातरी तिनं सांगितलं की त्या दिवसांत रोज कुठं ना कुठं, दुकानात, बसमध्ये, बँकेत, आपण अडाणी आहोत असं तिला वाटायचं. आम्ही दोघी कॉन्व्हेंटच्या. मराठी बोललं की पाच रुपये दंड अशा शाळेत बारा बारा वर्षं काढलेल्या. तरीही काउंटरवरची मुलगी काय विचारते ते ताईला पहिल्यांदा कळायचं नाही. लिफ्ट म्हटलं की समोरचा क्षणभर थांबायचा, पेट्रोल म्हटलं की हसायचा, आणि ‘पहिला मजला’ म्हणून ती जिना चढून जायची तेव्हा वर्ग खाली तळमजल्यावर भरलेला असायचा, कारण तिकडे तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात. ‘हाऊ आर यू’ला तिनं एकदा खरंच उत्तर दिलं, जरा डोकं दुखतंय म्हणून. विचारणारी तोपर्यंत दहा पावलं पुढं गेली होती. ताईनं यातून निष्कर्ष काढला तो असा: आपण खेड्यातले, आपलं इंग्रजी खोटं.

आणि मग एके दिवशी जर्मन बाई वही आणायला गेली.

वहीच्या खाली फळीवर चिठ्ठी होती, ९९ सेंट. बाईंनी एक डॉलरची नोट काढून हातात धरली. काउंटरवर आकडा आला १ डॉलर ७ सेंट. बाई म्हणाल्या, चिठ्ठीवर ९९ लिहिलंय. काउंटरवाली म्हणाली, टॅक्स. बाई म्हणाल्या, टॅक्स आहे तर तो चिठ्ठीवर का नाही? मागे रांग. बाई हटेनात. जर्मनीत वस्तूवर १९ टक्के व्हॅट असतो, म्हणजे टेक्सासपेक्षा कितीतरी जास्त, पण फळीवर जी किंमत लिहिलेली तीच द्यायची, असा तिथं कायदाच आहे. टेक्सासमध्ये राज्याचा ६.२५ टक्के आणि वर शहराबिहराचा जास्तीत जास्त २, असा ८.२५ टक्क्यांपर्यंत कर लागतो. शेजारच्या गावात वेगळा, ओरेगॉनसारख्या राज्यात मुळीच नाही. म्हणून दुकानदार कराआधीची किंमत लावतो आणि बेरीज गिऱ्हाइकानं मनात करायची. (आपल्याकडे पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा ‘सर्व करांसहित’ छापलेलं असतं. एमआरपीचं हे सुख आहे हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.)

बाई घरी आल्या त्या पाय आपटत. आणि ताईनं मला जे सांगितलं ते मी अजून विसरले नाही. ती म्हणाली, ‘अगं, माझ्या बाबतीतही हेच्च झालं होतं, दुसऱ्याच दिवशी. मी मान खाली घालून सुटे पैसे शोधले. ही चिडली. गोंधळ तोच, पण मी लाजले आणि ही चिडली.’

माझा सगळा लेख खरं म्हणजे या एका वाक्यावर उभा आहे. पण पानं भरायची आहेत आणि बाईंचे किस्से चांगले आहेत, म्हणून पुढं वाचा.

इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी किटलीचा किस्सा. बाईंनी घरून येताना आपली लाडकी चहाची इलेक्ट्रिक किटली आणली होती, २३० व्होल्ट, २२०० वॅट. पिनेचा आकार बदलणारा अडॅप्टर विमानतळावर घेतला आणि किटली लावली. किटलीला काही झालं नाही. तिच्यातल्या पाण्यालाही काही झालं नाही! आता हिशेब करा. किटली म्हणजे शुद्ध रेझिस्टन्स, साधारण २४ ओहम. अमेरिकेत घरातलं व्होल्टेज १२०. व्ही स्क्वेअर भागिले आर. उत्तर येतं ६०० वॅट. व्होल्टेज जवळपास निम्मं झालं की पॉवर पावपट होते हे आपण फर्स्ट इयरला पाठ केलेलं असतं, पण ते चहाच्या रूपात भेटलेलं नसतं. एक लिटर पाणी उकळायला अडीच मिनिटांच्या जागी नऊ मिनिटांच्या वर. मेकॅनिकलच्या बाई चमच्यानं टेबल वाजवत बसल्या होत्या म्हणे.

तिथलीच किटली विकत घेतली तरी फार फरक पडत नाही, कारण साध्या प्लगवर १५ अँपिअरची मर्यादा. १८०० वॅटच्या वर जाता येत नाही, आणि किटल्या बहुतेक १५०० च्या असतात. या सगळ्याच्या मुळाशी एडिसन आहे. त्याचे दिवे ११० व्होल्टच्या आसपासचे होते, त्यांच्यासाठी तारा पडल्या, आणि एकदा घरोघर तारा पडल्या की मग कोण बदलतो? वेस्टिंगहाउस कंपनीनं ६० हर्ट्झ धरलं, जर्मनीत एईजीनं ५०, आपल्याला इंग्रजांकडून ५० आणि २३० आलं. म्हणजे किटलीच्या बाबतीत पुण्याची मुलगी आणि स्टुटगार्टची मुलगी एका पंगतीत आणि अमेरिका दुसऱ्या. (हॉस्टेलमध्ये किटली वापरायला बंदी आहे हे मला माहीत आहे. वॉर्डन मॅडम, वरचा हिशेब थिअरॉटिकल आहे.)

मापांचं तर विचारूच नका. बाईंचा आयुष्यात कधी इंचाशी संबंध आला असेल तर तो टीव्ही घेताना आणि पाइपवर. तिकडे लॅबमध्ये पाऊण इंचाचा बोल्ट, सतरा बत्तीसांशाचं ड्रिल, पाउंड-फुटात टॉर्क. अमेरिकेनं १८७५ साली मीटरच्या आंतरराष्ट्रीय करारावर पहिल्या फळीत सही केलेली आहे, १९७५ साली मेट्रिकचा कायदाही केला, पण तो ऐच्छिक. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानंतर शेर, मण, तोळे मोडीत काढायचं ठरवलं आणि ते बाजारातून बऱ्यापैकी गेलेही. (तोळा सोडून. तोळ्याला हात लावायची कुठल्या सरकारची हिंमत आहे?) १९९९ साली मंगळाजवळ पोचलेलं नासाचं क्लायमेट ऑर्बिटर यान बुडालं ते एका सॉफ्टवेअरनं आकडे पाउंड-फोर्समध्ये दिले आणि दुसऱ्यानं ते न्यूटनमधले समजून घेतले म्हणून. हे आपल्याला व्हायव्हामध्ये विचारतात. जर्मन बाईला ते रोज विचारत होते.

पण इथं एक गंमत झाली. ऑक्टोबरमध्ये बाईंना ताप आला. थर्मामीटर लावला, आकडा १०१.८. बाईंचे डोळे पांढरे. त्यांच्या आयुष्यात ताप ३९ असतो, फार तर ४०. शंभराला पाणी उकळतं! ताईनं आणि हैदराबादीणीनं मात्र एका क्षणात सांगितलं, ‘काही नाही, क्रोसिनएवढा ताप आहे.’ कारण आपण किलोमीटर मोजतो, लिटर मोजतो, पण ताप फॅरनहाइटमध्ये, उंची फुटात, जमीन एकरात. आपण दोन्ही दगडांवर पाय ठेवलेली माणसं. युरोपीय माणसाला जिथं ठेच लागते तिथं आपण कधीकधी सहज निघून जातो. आणि तो फॅरनहाइट होता कुठला? जन्म डान्झिगचा, कामधंदा ॲम्स्टरडॅममध्ये. म्हणजे पक्का युरोपचा माणूस. युरोपनं त्याची फूटपट्टी टाकून दिली, अमेरिकेनं सांभाळली, आणि बाईंना ती परक्या देशात परक्यासारखी भेटली.

तापावरून डॉक्टर निघाला आणि तिथं मात्र कुणालाच हसू आलं नाही. जर्मनीत आजारपणाचा सरकारी विमा बिस्मार्कच्या काळात, १८८३ साली सुरू झाला. बाईंच्या पणजीलाही तो असणार. डॉक्टरकडे जाताना कार्ड न्यायचं, एवढंच त्यांना माहीत. टेक्सासमध्ये विमा असूनही आधी आपल्या खिशातून किती, मग प्रत्येक भेटीला किती, कुठला डॉक्टर विम्याच्या यादीत आहे आणि कुठला नाही, याचं एक पुस्तकच होतं. बाई ताप अंगावर काढून त्यातलं कोष्टक वाचत बसल्या. शेवटी ताईनं आमच्या घरून नेलेला काढा केला. जर्मन माणसाला गवती चहा, आलं आणि मिरी. प्याल्या बिचाऱ्या.

रजेचंही तसंच. उन्हाळ्यात बाईंना इंटर्नशिप मिळाली, तेव्हा तिथल्या पक्क्या नोकरदारांना वर्षात दहा दिवस भरपगारी सुट्टी असते हे ऐकून त्यांना ते महिन्याचं वाटलं की काय कोण जाणे. जर्मनीत आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला वर्षाला कमीत कमी २० दिवस भरपगारी रजा कायद्यानं मिळते. अमेरिकेत असा देशव्यापी कायदाच नाही, मालक देईल ती रजा. बाळंतपणासाठी १९९३ च्या कायद्यानं १२ आठवडे मिळतात, तेही बिनपगारी आणि कंपनी पुरेशी मोठी असेल तर. आपल्या कायद्यात २६ आठवडे, भरपगारी. ते आपल्याकडे किती जणींना खरोखर मिळतात हा वेगळा प्रश्न आहे, आणि शेतात खुरपायला जाणारीला तर एकही आठवडा मिळत नाही हे मला आजोळी दिसतं. पण कागदावर का होईना, हा आकडा आपला आहे आणि तो आपल्या ‘बाहेर’च्या नकाशात बसत नाही. ज्यांना मागास म्हणायचं ते २६ वर आणि पुढारलेले शून्यावर, असं कसं?

आता चालण्याबद्दल. हे मला सगळ्यात जास्त लिहायचंय.

फ्लॅटपासून किराणा दुकान दोन किलोमीटरवर. जर्मन बाईंच्या मते दोन किलोमीटर म्हणजे शेजार. पाठीला पिशवी लावून त्या निघाल्या. पहिले दोनशे मीटर फूटपाथ होता, मग तो संपला. संपला म्हणजे गवतात विरघळला. पुढं सहापदरी रस्ता, त्याच्या कडेला पार्किंग, त्याच्या पलीकडे पुन्हा पार्किंग आणि त्याच्या पलीकडे दुकान. रस्ता ओलांडायला सिग्नल दिसेना. जो सापडला तिथं दिवा लाल असतानाही गाड्या उजवीकडे वळत होत्या, कारण तिकडे तशी परवानगी असते. ऊन १०० डिग्रीचं, अर्थात फॅरनहाइट. एवढ्यात एका गाडीवाल्या आजीबाईंनी गाडी थांबवून काच खाली केली आणि काळजीनं विचारलं, ‘बाळ, तुझी गाडी बंद पडली का?’ पायी चालणारं माणूस म्हणजे संकटातलं माणूस! आजीबाईंनी बाईंना दुकानापर्यंत सोडलं, बाहेर थांबल्या आणि घरीही परत आणलं. वाटेत नातवंडांचे फोटो दाखवले. बाई सांगत होत्या की स्टुटगार्टमध्ये फूटपाथ आहे, पण अशी आजी भेटणार नाही. अनोळखी माणसाशी बोलणं, मदतीला गाडी थांबवणं, दुकानात ‘तुझा शर्ट छान आहे’ म्हणणं, हे त्यांना आधी खोटं वाटलं, मग हळूहळू गोड वाटायला लागलं. ताईला ते पहिल्यापासूनच ओळखीचं होतं. आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेल्या बाई इचलकरंजी येईपर्यंत आपलं लग्न जमवून टाकतात.

अमेरिका अशी गाडीवाली झाली ती काही देवानं तशी घडवली म्हणून नव्हे. १९५६ साली आयझेनहॉवर यांच्या सहीनं हायवेचा कायदा झाला आणि इंटरस्टेट रस्त्यांचा ९० टक्के खर्च केंद्र सरकारनं उचलला. या आयझेनहॉवर साहेबांना मोठ्या रस्त्यांची मोहिनी पडली त्याचं एक कारण म्हणजे दुसऱ्या महायुद्धात त्यांनी जर्मनीतले ऑटोबान पाहिले होते. म्हणजे बाईंच्याच देशातून नेलेली कल्पना! जर्मनांनी ऑटोबान बांधले आणि गावातल्या ट्रामही बऱ्याच ठिकाणी ठेवल्या. अमेरिकेनं हायवे बांधले आणि शहरंच त्यांच्याभोवती पसरवली. घरं एकीकडे, दुकानं दुसरीकडे, मध्ये सहा पदर.

हे मी का उगाळते आहे? कारण आपल्या कॉलेजच्या गेटपासून एसटी स्टँडपर्यंतचा रस्ता गेल्या वर्षी चारपदरी झाला. दोन्ही बाजूंची कडुलिंबं गेली, फूटपाथ गेला, ऊसाचा रस गेला. आता आपण संध्याकाळी ट्रकच्या आणि गटाराच्या मधल्या दीड फुटातून एका मागे एक अशा चालतो. आणि त्या रस्त्याच्या उद्घाटनाच्या वेळी कौतुकानं म्हटलं गेलं की हा रस्ता ‘अगदी अमेरिकेसारखा’ झाला. टाळ्या पडल्या. मीही त्या गर्दीत होते आणि माझ्या मनात आलं की एका श्रीमंत, शहाण्या, इंजिनिअर मुलीला अमेरिकेत नेमकं जे पाहून रडू आलं तेच आपण निवडून उचललं. त्यांची सार्वजनिक लायब्ररी उचलायची होती! जर्मन बाईंना ती भयंकर आवडते. पत्त्याचा पुरावा दाखवला की फुकट कार्ड, वीसवीस पुस्तकं, हव्या त्या वेळी बसा. आपली लायब्ररी साडेपाचला बंद होते, परीक्षेच्या दिवसांत साडेसहाला.

काही गोष्टी मात्र अशा निघाल्या की ज्यात ताई आणि बाई एकीकडे आणि अमेरिका दुसरीकडे. तिथले प्रोफेसर पहिल्याच दिवशी म्हणाले, मला पहिल्या नावानं हाक मारा. ताईच्या तोंडातून नाव फुटेना. साठीचे गृहस्थ, त्यांना काय ‘ए बॉब’ म्हणायचं? तिला वाटलं हा आपला भारतीय बुजरेपणा. पण जर्मन बाई तर त्याहून अडकल्या होत्या, कारण जर्मनमध्येही आपल्यासारखंच ‘तू’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. ओळख नसताना ‘तू’ म्हटलं तर उद्धटपणा. अहो-जाहो आणि अरे-तुरे यांच्यामधली ती भिंत इंग्रजीत नाहीच, सगळ्यांना एकच ‘यू’. दोघींनी महिनाभर प्रोफेसरांना कुठल्याच नावानं हाक मारली नाही, नुसतं समोर जाऊन उभ्या राहायच्या आणि घसा खाकरायच्या.

बाटल्यांचंही असंच. जर्मनीत २००३ पासून प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट डिपॉझिट असतं, रिकामी बाटली दुकानातल्या मशिनमध्ये टाकली की परत मिळतं. बाईंनी सवयीनं रिकाम्या बाटल्या पोत्यात साठवल्या. ताईनंही साठवल्या, कारण आपल्या घरात बाटली कचऱ्यात टाकली तर आई ओरडते, भंगारवाला येईल ना! अमेरिकेत दहा राज्यांत बाटलीवर डिपॉझिट आहे, टेक्सास त्यात नाही आणि भंगारवाला दारात येत नाही. तीन महिन्यांनी ते पोतं हॉलमध्ये सोफ्याएवढं झालं. मग कपडे. बाल्कनीत दोरी बांधून दोघींनी कपडे वाळत घातले तर ऑफिसमधून चिठ्ठी आली, दोरी काढा, दिसायला बरं दिसत नाही. बाहेर भट्टीसारखं ऊन आणि आत ड्रायरमध्ये कपडे गरम हवेनं वाळवायचे, वर एसीनं खोली गार करायची. थर्मोडायनॅमिक्स शिकलेल्या तीन मुली तीन दिवस यावर वाद घालत होत्या. आपल्या नव्या बिल्डिंगला दक्षिणेकडून आणि पश्चिमेकडून काच लावलीय, तिथं मे महिन्यात बसून मला हा वाद आठवतो. सरांनी माफ करावं.

टिपेचा विषय दोन ओळींत. हॉटेलात वाढणाऱ्याला केंद्राच्या कायद्यानं तासाला २ डॉलर १३ सेंट इतका कमी पगार देता येतो, १९९१ पासून हाच आकडा आहे (बऱ्याच राज्यांत जास्त आहे), बाकीची भरपाई टिपेतून. म्हणून स्क्रीनवर १८, २०, २५ टक्के अशी बटणं येतात. बाईंना आधी ती वसुली वाटली, आकडा कळल्यावर मुकाट्यानं २० दाबायला लागल्या. बडीशेपेच्या बशीत दहाची नोट ठेवून उठणाऱ्या आपल्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं.

बरं, हे जर्मन बाईपुरतंच नाही. आपण ज्याच्या नावाचं युनिट रोज लिहितो तो टेस्ला १८८४ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. वाटेत पैसे आणि सामान गेलेलं. जवळ काही कविता आणि एका न सुटणाऱ्या इंटिग्रलची आकडेमोड. (एम-थ्रीच्या बॅकलॉगवाल्यांनी धीर धरावा.) रस्ता विचारला तर पोलीस अंगावर आल्यासारखा बोलला. १९१९ साली लिहिलेल्या आठवणींत तो म्हणतो की त्या वेळी त्याला हा देश युरोपपेक्षा शंभर वर्षं मागासलेला वाटला. पाच वर्षांनी युरोपला परत जाऊन आल्यावर त्याचं मत बरोब्बर उलटं झालं. त्याच्या आधी १८४२ साली डिकन्स गेला होता, तर वॉशिंग्टनमध्ये पुढारी मंडळी तंबाखू खाऊन जागोजागी थुंकतात हे बघून त्याला शिसारी आली. आपल्या जिन्याचे कोपरे पाहिलेल्यांना हे वाचून हुरूप येऊ नये, पण तोंड लपवायचंही कारण नाही. आणि टेस्लाच्या बरोबर एक वर्ष आधी, १८८३ च्या जूनमध्ये, त्याच न्यूयॉर्कला आपली आनंदीबाई जोशी उतरली होती. अठरा वर्षांची. नऊवारीत. आपण तिची गोष्ट सांगताना ‘परक्या देशात एकटी हिंदू मुलगी’ म्हणून सांगतो आणि ते खरंच आहे, फिलाडेल्फियाच्या थंडीनं आणि खाण्याच्या आबाळीनं ती खंगली. पण त्याच सुमारास उतरलेल्या त्या सर्बियन इंजिनिअरलाही तो देश परकाच वाटला होता, हे तिच्या गोष्टीशेजारी ठेवून कुणी सांगत नाही.

काही जण म्हणतील, की गोऱ्या मुलीला आणि आपल्याला एका मापानं मोजू नकोस. मान्य आहे. ताईचा व्हिसा, तिचं कर्ज, तिचा रंग, हे तिच्या वाट्याला आलं आणि बाईंच्या वाट्याला आलं नाही. दुकानात भांडायला जी छाती लागते ती बाईंना जन्मतः मिळालेली होती. मागची रांग कुरकुरली तरी त्यांना कुणी ‘परत जा’ म्हणणार नव्हतं. चिडण्याचा हक्क सगळ्यांना सारखा नसतो हे मला कळतं. पण निदान स्वतःच्या खोलीत, स्वतःशी, आपण अडाणी आहोत असं म्हणायचं की ही पद्धत विचित्र आहे असं म्हणायचं, याला व्हिसा लागत नाही. ताईनं ते म्हणायला सुरुवात केल्यावर तिचा ‘सगळं मस्त’ बंद झाला. ती फोनवर भांडायला लागली, तक्रारी करायला लागली, आईला पाककृती विचारायला लागली. आईला हायसं वाटलं.

आता कामाचं. दर जुलैमध्ये आपल्याकडे बाहेर जाणाऱ्यांसाठी सीनिअर्सची मीटिंग होते. तिथं कुकरची रिंग दोन न्या, मसाले डबल पॅक करा, मिक्सर ११० व्होल्टचा घ्या, पार्टटाइम जॉब कुठं मिळतो, एवढं सांगतात. हे हवंच. पण पहिल्या महिन्यात काय काय कळणार नाही, आणि ते जर्मनांना आणि फ्रेंचांनाही कळत नाही, यावर कुणी पाच मिनिटंही बोलत नाही. त्या मीटिंगमध्ये एक तास यासाठी ठेवावा अशी चिठ्ठी मी कल्चरल सेक्रेटरीला दिली आहे. तिनं विचारलं, बोलणार कोण? ताई व्हिडिओवर यायला तयार आहे. जर्मन बाईही तयार आहेत. त्यांनी आता गाडीचं लायसन्स काढलंय, आणि त्यांची अट एकच आहे, की मुलींनी सगळं इंग्रजीत सभ्यपणे विचारू नये, खरे प्रश्न विचारावेत. इथं राहणाऱ्यांनीही यावं, खास करून सिव्हिलवाल्यांनी, रस्त्याच्या भागासाठी. तारीख ठरली की नोटीस बोर्डावर लागेल.